पाळण्यावरचा एस

मी कॉम्प्युटर शिकायला लागले आणि आमच्या घरात माझ्याशी बोलायची रीतच बदलली. त्याआधी मी बारावीच्या गणितातून कशीबशी निसटलेली, पालघरच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलेली आणि उरल्या वेळात आईच्या हाताखाली वावरणारी मुलगी होते. क्लास लावला त्या आठवड्यापासून मी 'आमची कॉम्प्युटरवाली' झाले. एकेकाळी फक्त दादाच्या परीक्षांच्या वेळी निघणारी बदामाची पूड माझ्या दुधात पडू लागली. बाबा घरात शिरताना मी वही घेऊन बसलेली दिसले, तर चपला हातात घेऊन आत यायचे. आणि मी भांडी घासायची नाहीत असा निकाल आईने दिला, कारण राखेने बोटं खरखरीत होतात आणि मग बटणं नीट दाबली जात नाहीत. हा शोध तिचा स्वतःचा. भांडी मग वहिनी घासायची. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता, पण तिची बोटं कुठल्या बटणावर पडणार नव्हती. या वाटणीत कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मी पलंगावर बसून बोटांना खोबरेल तेल चोळत असायचे.

बोईसरला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी होती. बाबा एमआयडीसीत कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. सध्या कुठल्या रंगाचा माल निघतोय हे आम्हाला त्यांच्या कानाच्या पाळ्यांवरून कळायचं. बनियन दुकानातून पांढरं म्हणून यायचं आणि दुसऱ्या धुण्याला गुलाबी व्हायचं. एकदा पिवळ्याचं काम लांबलं, तेव्हा समोरच्या काकूंनी आईला काविळीच्या औषधाचा पत्ता दिला होता. वारा कारखान्यांकडून फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि फोडणीत लसूण जास्त घालायची. म्हणजे निदान आपल्या घराला आपला वास, असं ती म्हणे. आम्ही मूळचे तासगावकडचे. इथे इतकी वर्षं काढूनही आई बोईसरला पाहुणीच होती. इथला तांदूळ तिला चिकट, इथले लोक तिला सैल, आणि इथली मासळी तर तिच्या मते लोकांनी उन्हात विसरून ठेवलेली वस्तू होती. अशा बाईची सून निघाली माहीमची. मुंबईतलं माहीम नव्हे, आमच्या केळव्याजवळचं. हा खुलासा आई प्रत्येक पत्रिका देताना करायची आणि करताना असा सुस्कारा सोडायची, की मुंबईतलं असतं तर काहीतरी सावरलं असतं.

वहिनीचं माहेरचं नाव यमुना. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहितात. दादाने लिहिलं 'श्रेया'. नाव आईने ठरवलेलं, अंगठी मामाची आणि दादाचा फक्त हात. यमुना हे नाव आईला पाणी भरणाऱ्या बाईचं वाटलं होतं. त्यानंतर वहिनीचे वडील कधी केळीचा घड आणि पिशवीच्या तळाशी चोरून सुकट घेऊन आले, की दारातून विचारायचे, "यमुना हाय का?" आणि आई आतून सांगायची, "श्रेया मोरीत आहे." दोघांनी आपापला हेका कधीच सोडला नाही. वहिनी मोरीतून दोन्ही नावांना ओ द्यायची. तिची आई लग्नाच्या आदल्या वर्षी वारली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नच उरला नव्हता. ते आमच्याकडेच होणार होतं, आणि आई हे उपकार रोज थोडे थोडे वाढत असे.

आता माझ्या क्लासविषयी सांगते. खाली व्हॉल्व्ह आणि रबरी पॅकिंग विकणारं दुकान, त्यावर लोखंडी जिना, आणि जिन्याच्या टोकाला आमचं ज्ञानमंदिर. आत एसी असल्यामुळे पादत्राणं बाहेर. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतली मुलं बुटांतून यायची, त्यांचे मोजे मात्र आत यायचे. त्या बंद गारव्यात मोज्यांचा तो वास वर्षभर मुरलेला होता, आणि आजही कुठल्या ऑफिसात एसीचा पहिला झोत आला की मला सी लँग्वेज आठवते. कॉम्प्युटरना फुलाफुलांच्या चादरी घातलेल्या असायच्या. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागलं होतं, ते कीबोर्डच्या फटींत होळीपर्यंत टिकलं. शिकवायला तिवारी सर होते, जौनपूरकडचे. बोलताना डोळे मिटायचे, त्यामुळे ते फार खोलातलं सांगताहेत असं वाटायचं.

त्यांनी आम्हाला स्टारची अक्षरं काढायला शिकवली. कॉम्प्युटर ओळीनं ओळ छापतो, म्हणून एक लूप ओळी मोजतो. त्याच्या पोटात दुसरा लूप, तो त्या ओळीतली घरं मोजतो. प्रत्येक घरापाशी आपण एकच प्रश्न विचारायचा, की इथे स्टार टाकायचा की घर रिकामं सोडायचं. पहिल्या रकान्यात सगळे स्टार, शिवाय पहिली, मधली आणि शेवटची ओळ भरलेली, की झाला ई. पहिला रकाना आणि फक्त शेवटची ओळ, की एल. निळ्या पडद्यावर आपण काहीतरी कुजबुजतो आणि काळ्या पडद्यावर अक्षर उभं राहतं, यात मला कमालीचा आनंद व्हायचा. पण सरांचा एक दंडक होता. अक्षर लूपमधूनच निघालं पाहिजे. एखाद्याने वैतागून स्टार जसेच्या तसे, ओळीमागून ओळ, हाताने टाइप करून छापले, तर पडद्यावर अक्षर तेच दिसायचं, पण सर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ये प्रोग्राम नहीं है, ये टाइपिंग है. टाइपिंग का क्लास सामने वाली बिल्डिंग में है." समोरच्या इमारतीत खरोखरच टाइपिंगचा क्लास होता आणि तिथे खिडकीशी ओळीने मुली बसलेल्या दिसायच्या. आम्ही त्यांच्याकडे बघायचो ती नजर मला आजही आठवते. विमानातला माणूस बैलगाडीकडे बघतो तशी. त्यातल्या बहुतेक जणी पुढच्या वर्षभरात नोकरीला लागल्या.

मी काढलेल्या पहिल्या ईचा छापील कागद बाबांनी कारखान्यात नेला. डब्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तो त्यांनी सुपरवायझरला दाखवला. सुपरवायझरने विचारलं, हे काय. बाबा म्हणाले, ई. तो म्हणाला, बरं. या संभाषणाची हकिगत बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि दरवेळी त्या 'बरं' मध्ये थोड्या जास्त आश्चर्याची भर पडायची. शेवटी शेवटी तर सुपरवायझर खुर्चीवरून उठले होते.

वहिनीला मुलगी झाली. घरात शेपू आणि डिंक आणि धुरी यांचा तो विशिष्ट दमट वास सुरू झाला. आईने बाळंतिणीसाठी खीर केली, लाडू केले, बाजरीची भाकरी थापली. वहिनीने एकदाच हळूच विचारलं, की थोडी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं पाणी चालेल का. आईने ऐकलंच नाही. आईचं न ऐकणं फार स्पष्ट असायचं. भांड्यांना आता बाई लावली होती, कारण मी कॉम्प्युटरवाली होते आणि वहिनी ओली बाळंतीण. ती बाई घरात सर्वांत जास्त बोलायची आणि तिचंही आई ऐकायची नाही.

मग बारशाची बोलणी निघाली. पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, तेव्हा अक्षराचं बंधन नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शाहकाकूंची मुलगी हेतल, कॉलेजात पहिली यायची आणि घरी केक करायची, म्हणून आईच्या मनात हेतल होतं. आणि पाळण्यावर नाव मी कॉम्प्युटरवर काढून आणायचं, मोठ्या अक्षरांत, हे तर कोणी न ठरवता ठरलेलं होतं. पूर्वी थर्माकोलची अक्षरं कापून लावायचे. आता घरात कॉम्प्युटर शिकणारी असताना थर्माकोल लावणं म्हणजे घरात नळ असताना विहिरीवर जाणं. आईने मला सर्वांसमोर विचारलं, हेतल येईल का तुझ्या चांदण्यांत. मी कपाळाला आठी घालून क्षणभर थांबले. डॉक्टर रिपोर्ट बघताना थांबतात तशी. एच, ई, टी, ए, एल. सगळ्या सरळ रेषा. ए सुद्धा मी चौकोनी डोक्याचा काढायचे. येईल, मी म्हणाले, उत्तम येईल. बाबांनी मान डोलावली. मशीनला चालतंय तेच धरा, असं ते म्हणाले. मशीनला काय चालतं यावर त्यांचा संसार चालला होता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोठा मुहूर्त नव्हता. दादाला विचारलं, तो शिफ्टवरून येऊन जेवत होता, म्हणाला ठरेल ते. वहिनीला कोणी विचारलं नाही. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती, आणि दोन खोल्यांच्या घरात आतली खोली म्हणजे हातभर अंतर.

दुसऱ्या दिवशी आई शाहकाकूंकडे गेली होती. मी क्लासला निघताना वहिनीने मला हाक मारली. बाळाची दुपटी घडी करत होती. खाली बघूनच म्हणाली, "ताई, तुमी आत्या. नाव आत्याच ठेवते ना तुमच्यात पन?"

हो, मी म्हणाले.

"मंग सगुना ठेवाल? माज्या आयचं नाव."

माणसाला आयुष्यात दोनचार वेळा शहाणं उत्तर द्यायची संधी मिळते. समोर एक बाई होती, जिने या घरात येऊन पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. मी नाव मनातल्या मनात सुटं केलं आणि म्हणाले, "एस येत नाही."

"कोनाला?"

"कॉम्प्युटरला."

वहिनीने दुपटं खाली ठेवलं. "आपल्या लाईटबिलावर सासऱ्यांचं नाव येतं," ती म्हणाली. "सदाशिव. त्याच्यात एस हाय. ते काय हातानं लिवतात?"

मी तिला लूपबद्दल सांगायला लागले. ओळी, रकाने, सरळ रेषा, वळण, जी मध्ये तर वळण आणि शिवाय पोटात काठी. ती शांतपणे ऐकत राहिली, म्हणजे मी दमेपर्यंत. मग म्हणाली, "माजं नाव तांदळात गेलं, मी काय बोलली नाय. हिचं कागदात नको जायला. बगा तुमी." आणि पुन्हा दुपट्यांच्या घड्या घालायला लागली.

जिना उतरताना मला तिचा राग आला होता. कलेच्या अडचणी लोकांना कळत नाहीत, असं काहीसं मनात चाललं होतं. (हे वाक्य मी परवा जिच्या बारशाची ही गोष्ट आहे तिला वाचून दाखवलं. ती पुण्यात असलंच काही करते आणि त्याचा पगार घेते. तिने कागदाच्या मागच्या बाजूवर पेनाने एकच ओळ खरडली आणि म्हणाली, आत्या, एस म्हणजे ई मध्ये दोन अटी बदलायच्या गं. मी म्हटलं, जेवायला चल.)

तरी मी प्रयत्न केला, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. एससाठी वरची, मधली, खालची ओळ भरायची हे मला कळत होतं. वरच्या अर्ध्यात डावा रकाना, खालच्या अर्ध्यात उजवा. पहिल्यांदा अर्ध्याची अट घालायची राहिली, तर दोन्ही रकाने भरून आठचा आकडा आला. अट घातली ती उलटी पडली आणि दोनचा आकडा आला. जीमधून नियमाने सहा यायचा. संपूर्ण नाव चालवून बघितलं तर पडद्यावर दोन, ए, सहा, यू, एन, ए असं काहीतरी उभं राहिलं. एखाद्या टेम्पोची नंबरप्लेट असावी तसं. शेजारच्या कॉम्प्युटरवरचा कॉलनीतला मुलगा वाकून बघून म्हणाला, कुठल्या जिल्ह्याची गाडी. शेवटी मी सरांनाच विचारलं. सरांनी डोळे मिटले. "एस और जी," ते म्हणाले, "एडवांस में आता है." ॲडव्हान्स हा वेगळा कोर्स होता, त्याची फी वेगळी. मग मी विचारलं, की अक्षरं एकाखाली एक येतात, ती शेजारी शेजारी कशी आणायची, म्हणजे नाव आडवं लागेल. तेही ॲडव्हान्समध्ये होतं. त्या दिवसापर्यंत मला इंग्रजी बाराखडीची सव्वीस अक्षरं आहेत असं वाटत होतं. आमच्या फीमध्ये जेमतेम डझनभर बसत होती.

घरी तोवर हेतल पक्की झाली होती. आईने शाहकाकूंना सांगितलं, शाहकाकूंनी आनंदाने हांडवो पाठवला, आणि आईने तो खाऊन दाखवला, जे तिने माहीमच्या कुठल्याही पदार्थाबाबत कधी केलं नव्हतं. वहिनीने मला पुन्हा काही विचारलं नाही. उलट माझ्याशी बोलणं वाढवलं. दूध गरम करून देऊ का, छत्री घेतली का. मला तिची चिडचिड चालली असती. ती बाळाला न्हाऊ घालायची तेव्हा सगळ्या बायका काहीतरी गुणगुणतात तशी गुणगुणायची नाही. बाळाला हाक मारायला लागणारा एक शब्द ती अडवून धरून बसली होती, आणि त्या जागी आता दुसरंच कोणीतरी वेगळा शब्द टाकणार होतं. माझ्याकडे हेतलचा प्रोग्राम तयार होता. सगळा लूपमधून, एकही स्टार हाताने न टाकलेला. सर म्हणाले होते, की हा कागद क्लासच्या खिडकीत नमुना म्हणून लावू. माझा कागद खिडकीत, समोरच्या टाइपिंगवाल्या मुलींना दिसेल असा. त्या वयात माझ्याकडे मिरवायला दुसरं काहीही नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवशी मी क्लासला गेले. हेतल एकदा चालवून बघितलं. सुरेख आलं. मग नवीन पान उघडलं आणि स्टार टाइप करायला लागले. लूप नाही, अट नाही. पाच स्टार, खालच्या ओळीला एक स्टार, पुन्हा एक, मग पाच. बोट ठेवून मोकळ्या जागा मोजायच्या आणि दाबायचं. समोरच्या खिडकीतून टाइपरायटरचा खडखडाट ऐकू येत होता आणि मी त्याच तालावर बडवत होते. एस एससारखा आला. जीच्या पोटात काठी आली. मला कुठेही पवित्र वगैरे वाटलं नाही. लाज वाटली, आणि शिवाय वाटलं, की एवढंच होतं तर गेले आठवडाभर मी कोणासाठी झुरत होते.

सर मागे येऊन उभे राहिले. कोड वाचलं. बराच वेळ डोळे उघडेच होते. "मंजू, तुम भी?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सर, मला हे प्रिंट हवंय. ते म्हणाले, असला माल माझ्या प्रिंटरवर चढणार नाही, क्लासचं नाव खराब होईल. मी म्हटलं, उद्या आमच्याकडे सगळ्या बिल्डिंगच्या बायका येणार आहेत, प्रत्येकीच्या घरात एक तरी मूल दहावी-बारावीला आहे. सर म्हणाले, की ठीक आहे, पण बाळाच्या नावाखाली क्लासचं नाव येईल, तसंच मोठं, आणि ते मी स्वतः टाकीन. मला उठवून ते खुर्चीवर बसले. त्यांच्या क्लासच्या नावात दोन एस होते आणि एक जी. मी मागे उभी होते. सरांनी एकदा दाराकडे बघितलं, आणि मग दोन बोटांनी, ओळीमागून ओळ, हाताने स्टार टाइप करायला सुरुवात केली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. काम झाल्यावर प्रिंटरने कर्रकर्र करत कागदाची लांबलचक पट्टी ओकली. रिबन मरणपंथाला लागलेली होती, त्यामुळे वरचा एस काळा आणि खालची अक्षरं उत्तरोत्तर आजारी.

बारशाला तो कागद माळ्याच्या कडीपासून पाळण्यापर्यंत उभा सोडला. स्टेशनसमोरच्या लॉजची पाटी असते अगदी तसा. वरून सहा अक्षरं, मग क्लासचं नाव, आणि सर्वांत खाली, नेमकं बाळाच्या डोक्यावर, सरांनी न विचारता घातलेलं 'प्रवेश सुरू' इंग्रजीत. आलेल्या बायकांपैकी फारच थोड्यांना इंग्रजी वाचता येत होतं, पण वाचता येत नाही असं दाखवणारी एकही नव्हती. सगळ्यांनी माना वर करून कौतुक केलं. आईला तर एबीसीडीचा गंधच नव्हता. ती प्रत्येकीला हाताला धरून कागदाजवळ नेत होती आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवून सांगत होती, हेतल. शाहकाकू चष्मा घरी विसरल्या होत्या, त्यांनी डोळे पुसले. वहिनी हिरव्या साडीत पाळण्याच्या पलीकडे बसली होती. तिला वाचता येत होतं. ती कागदाकडे बघत होती आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हती. तिच्या हातातली घुगऱ्यांची वाटी कलंडली होती आणि हरभरे मांडीवर सांडत होते, ते तिच्या लक्षात नव्हतं.

आमच्यात आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि त्या क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. धपाटे लटके असतात, निदान असायला हवेत. मी वाकले. बाळाच्या कानाला वेखंडाचा वास येत होता. कुर्रर्र केलं, कानात सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मान वर करून म्हटलं, "सगुणा."

धपाटे सुरूच होते, कारण बायकांचे हात आधी निघतात. मग एकेक हात थांबला. एक थांबला नाही. तो शेवटचा पडला आणि तो लटका नव्हता. तो कोणाचा हे मला मागे न बघता कळलं. तासगावकडे भाकरी थापतात त्याच हाताचा होता.

आई खालच्या आवाजात म्हणाली, की कागदावर हेतल आहे आणि तू हे काय बडबडलीस. मी म्हटलं, कागदावरही हेच आहे. आईने कागदाकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा बायकांच्या गर्दीतून अंग चोरत पुढे आले. त्या आठवड्यात निळ्याचं काम होतं, त्यामुळे कान निळसर होते. त्यांना इंग्रजी येत नसे, पण रंगाच्या पिंपांवरची लेबलं वाचून अक्षरं ओळखता यायची. त्यांनी प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवलं. "एस. ए. जी. यू. एन. ए." मग पाळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग, हे मी अजून विसरलेले नाही, पलीकडे बसलेल्या वहिनीकडे.

"कॉम्प्युटरने काढलंय ते," बाबा आईला म्हणाले. "आता त्यात काय करणार?"

आईनेच इतके महिने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं, की कॉम्प्युटर चुकत नाही. आत्ता चाळीसेक बायकांसमोर तो चुकलाय असं म्हणायचं, तर माझ्या दुधातली बदामाची पूड, भांड्यांना लावलेली बाई, सुपरवायझरचं खुर्चीवरून उठणं, हे सगळंच खोटं पडलं असतं. आईने पदर सावरला. शाहकाकूंना म्हणाली, "जुनी नावं परत आलीत म्हणे हल्ली. मशीनलाच माहीत असतं नवीन काय चाललंय." आणि घुगऱ्या वाटायला उठली. माझ्याशी पुढचे काही दिवस ती फक्त दादामार्फत बोलली. कागद मी खिडकीसाठी क्लासला परत नेला नाही. सरांनीही मागितला नाही. त्यांना त्यावरून तीन ॲडमिशन मिळाल्या. त्यातल्या एकीला तर एससुद्धा शिकवला म्हणतात.

मला वाटलं होतं, की बायका गेल्यावर वहिनी माझा हात वगैरे धरेल. तिने मला फक्त चहा दिला, आणि चहात आलं घातलं होतं, जे आमच्या घरात फक्त पाहुण्यांना मिळायचं. मग बाळ रडायला लागलं म्हणून ती पाळण्याशी गेली. आता ती हाक मारेल म्हणून मी कान टवकारून बसले, कारण या हाकेसाठीच सगळं केलं होतं. वहिनी पाळण्यावर वाकली. ओठ उघडले आणि तसेच राहिले. स्वतःच्या ज्या आईला जन्मभर नावाने कधी हाक मारली नव्हती, तिचं नाव तोंडातून निघेना. शेवटी ती म्हणाली, "काय गो बाय, काय झालं?" माहीमकडे मुलीलाही बाय म्हणतात आणि आईलाही. ती आजतागायत तेच म्हणते. सगुणा हा शब्द मी वहिनीच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही, शाळेच्या दाखल्यावर लिहिताना सोडला तर ती तो हातानेही टाळायची.

सगुणेला सगुणा म्हणणारी घरात एकच निघाली. पोरगी चालायला लागल्यापासून तिची शाळा संपेपर्यंत, दिवे लागायच्या वेळी, गॅलरीत उभं राहून, पदराने हात पुसत, खाली खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून थेट रेल्वे फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात आई ओरडायची, "सगुणेऽऽ, वर ये, भाकरी निवली." आणि आतल्या खोलीत वहिनी तांदूळ निवडता निवडता थांबायची, आणि ती हाक पूर्ण संपेपर्यंत ऐकत राहायची.